कावसजीचं नाक, केगनसाहेब आणि आमची पुतणी

स्मरणिकेसाठी लेख द्या, असं मंडळाच्या संपादकांनी आषाढातच बजावून ठेवलं होतं. दरवर्षी आम्ही होळकरशाहीवर चार पानं लिहितो, संपादक ती छापतात, आणि आरतीनंतर दोन-तीन ज्येष्ठ मंडळी भेटून "छान माहिती दिलीत" म्हणतात. यंदा महेश्वरच्या घाटांवर लिहायचा बेत होता. टिपणंही काढून झाली होती. पण श्रावणातल्या एका रविवारी आमची पुतणी इंदूरहून सांवेरला आली आणि घाट राहिले बाजूला, विषय नाकावर आला.

पुतणी तेवीस वर्षांची. इंदूरला नोकरी करते. एरवी सांवेरला येते ती उलट्या हनुमानाच्या दर्शनाला आणि आमच्या सौ.च्या हातच्या साबुदाणा वड्यांसाठी. त्या दिवशी वडा तसाच ठेवून म्हणाली, "काका, मला नाकाचं ऑपरेशन करून घ्यायचंय. आईबाबा ऐकत नाहीत. तुम्ही बोला त्यांच्याशी."

आम्हाला आधी वाटलं, सायनसचा त्रास असेल. तसं नव्हतं. तिला नाकाचा आकार बदलून हवा होता. आमच्या घराण्याचं नाक प्रसिद्ध आहे. मधोमध उंचवटा, टोक खाली झुकलेलं. आजोबांच्या फोटोत ते आहे, आमच्या वडिलांना होतं, दादाला आहे, आम्हाला आहे. ऑफिसात पाठीमागे आम्हाला 'तोते साहब' म्हणतात हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही राज्य शासनाच्या एका खात्यात उपयंत्री. साइटवर हे नाक खपून जातं. तेच नाक पुतणीच्या चेहऱ्यावर बसलं आहे.

आम्ही वडीलधाऱ्यांनी म्हणायचं ते सगळं म्हटलं. देवानं दिलेलं रूप, गुण महत्त्वाचे, लोक काय चार दिवस बोलतात. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, तुमचं नाक पुरुषाच्या तोंडावर आहे. तुम्हाला बघायला कुणी घरी आलं होतं का?" चैत्रात एक स्थळ येऊन गेलं होतं. पोहे झाले, पत्रिका जुळली, आणि निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण बाजूनं चेहरा जरा… त्या 'जरा'नंतरचं वाक्य कुणी पूर्ण केलं नव्हतं. आम्हाला हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

वहिनींचं म्हणणं एकच, की ही नसती परदेशी थेरं आहेत, सिनेमातल्या बायकांची. आईचं म्हणणं, गणपतीचं शिर बदललं ते शंकरानं, माणसानं त्यात पडू नये. गणपतीची गोष्ट श्रद्धेची आहे, तिथे आम्ही वाद घालत नाही. पण 'परदेशी थेरं' यावर मात्र आम्ही थबकलो. डिप्लोमाला असताना वसतिगृहातल्या एका जुन्या मासिकात पुण्याच्या कुठल्याशा नाकाची हकिकत वाचल्याचं अंधुक आठवत होतं. पुतणीला म्हटलं, महिनाभर थांब, बघून सांगतो. ते बघताना जे हाती लागलं ते या लेखात आहे.

गोष्ट सुरू होते तिसऱ्या म्हैसूर युद्धात. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र आले होते. मराठ्यांकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन गेले होते. शाळेत आपण या युद्धाच्या तारखा आणि तह पाठ केले. पण ते युद्ध बऱ्याच अंशी बैलांवर चाललं होतं. तोफा ओढायला बैल, धान्याला बैल, दारूगोळ्याला बैल. १७९१ च्या उन्हाळ्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी जाऊन परत फिरला, कारण बैल मेले आणि शिधा संपला. वेढ्याच्या जड तोफा त्याला स्वतःच फोडून टाकाव्या लागल्या. मागे फिरताना वाटेत मराठ्यांच्या फौजा भेटल्या, त्यांच्या बाजारातून धान्य मिळालं, म्हणून सैन्य वाचलं. अशा युद्धात शत्रूची रसद तोडायची तर बैल आणि बैलवाले हेच पहिलं लक्ष्य.

त्या बैलवाल्यांपैकी एकाचं नाव इंग्रजी कागदात 'कावसजी' असं आलं आहे. जातीनं मराठा, धंद्यानं शेतकरी, इंग्रजी फौजेत बैल हाकण्याच्या कामावर. मराठा शेतकऱ्याचं नाव कावसजी कसं, असं आपल्याला वाटेल. काहींनी त्यावरून त्याला पारशीही ठरवलं आहे. आम्हाला वाटतं, साहेबाच्या कानांनी ऐकलेलं हे कुठलंतरी साधं गावाकडचं नाव असावं. जुन्या सरकारी नकाशात आपल्या गावांच्या नावांचं काय झालं आहे ते रोज बघणाऱ्या माणसाला याचं नवल वाटत नाही.

१७९२ च्या लढाईत कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या इंग्रजी फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारनं त्याला पेन्शन दिली. हात गेला तो गेलाच. नाकाशिवाय त्यानं वर्षावर दिवस काढले. आणि मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवीन नाक करून दिलं. हा माणूस वैद्य नव्हता, शास्त्री नव्हता. त्या कागदात त्याची ओळख एवढीच दिली आहे, की तो विटा पाडणाऱ्या जातीचा होता. म्हणजे आपल्याकडचा कुंभार.

मुंबईच्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना डोळ्यांनी पाहिली होती. तिचं वर्णन लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात संपादकांना पत्र म्हणून छापून आलं, सोबत कावसजीचं चित्र. चित्र काढलं होतं जेम्स वेल्सनं. हा स्कॉटिश चित्रकार तेव्हा पुण्यात होता. सवाई माधवरावांची आणि नाना फडणवीसांची आपण पाहतो ती चित्रं त्याचीच. कावसजी त्याच्यासमोर बसला तो जानेवारी १७९४ मध्ये. त्याच्या पुढच्याच महिन्यात महादजी शिंदे पुण्यात वानवडीला वारले. इकडे महेश्वरला अहिल्याबाई अजून हयात होत्या. पेशव्याला आणि त्याच्या कारभाऱ्याला समोर बसवणारा चित्रकार एका हात तुटलेल्या बैलवाल्यालाही समोर बसवतो, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

आता ती कृती सांगतो. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्याला यातला खरा आनंद कृतीतच आहे, तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा.

कुंभारानं आधी मेणाची पातळ चकती घेतली आणि ती नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवून, दाबून-चेपून, शोभेलसं नाक केलं. मग ते मेणाचं नाक काढून सपाट केलं. सपाट केल्यावर जो आकार झाला तो कपाळावर ठेवून त्याच्याभोवती रेघ आखली. आता पहिल्या वर्षी ड्रॉइंग हॉलमध्ये आम्हाला जे शिकवलं ते हेच! पत्र्याचं नरसाळं करायचं तर आधी ते नरसाळं उलगडून कागदावर सपाट आकार काढावा लागतो. तो चुकला की पत्रा वाया. आमच्या वर्गातली निम्मी मुलं या प्रकरणात नापास झाली होती. पुण्याजवळचा तो माणूस तेच काम मेण वापरून करत होता, आणि त्याचा पत्रा म्हणजे जिवंत माणसाच्या कपाळाची कातडी होती. वाया घालवायला दुसरं कपाळ नव्हतं.

रेघेवरून कातडी सोडवायची, पण पूर्ण नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेलीच ठेवायची. सगळी गोम या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त वाहत राहतं, म्हणून खाली आणलेली कातडी मरत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन पाइप चालू होईपर्यंत जुना तोडायचा नाही. मग खुंटावरचा जुना व्रण तासून जागा ताजी करायची, त्याच्या मागे वरच्या ओठापर्यंत खाच घ्यायची, कपाळाची कातडी त्या पट्टीवर अर्धी पिरगाळून खाली आणायची, म्हणजे कातडीची बाहेरची बाजू बाहेरच राहते, आणि तिची कड खाचेत बसवायची. टाके नाहीत. जोड पक्का करायला काय? कात! आपण पानाला लावतो तो कात. पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर माखायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक लावायच्या. चार दिवस दुसरं काही नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेल्या घड्या. पाच-सहा दिवस रोग्यानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यात मऊ कापडाच्या वाती. सुमारे पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती पट्टी कापायची आणि थोडं तासून नाकाला नीट रूप द्यायचं.

गुंगी येण्याचं औषध तेव्हा कुठेच नव्हतं, ना पुण्यात ना लंडनमध्ये. हे सगळं कावसजीनं जागेपणी सोसलं. ज्यानं एकदा शत्रूच्या हातून नाक कापून घेतलं, त्यानं पुन्हा आपण होऊन तोंडावर शस्त्र चालवून घेतलं. कशासाठी? त्या पत्रात याचं उत्तर नाही. पण श्वास तर नाकाच्या खुंटातूनही घेता येतो. पेन्शन नाकाशिवायही मिळतच होती. चार माणसांत बसता यावं, एवढंच कारण उरतं.

त्या पत्रात आणखी एक वाक्य आहे ज्याचा अर्थ असा, की ही शस्त्रक्रिया या देशात काही नवलाची नाही, फार पूर्वीपासून चालत आली आहे. किती पूर्वीपासून, ते सुश्रुतसंहितेत दिसतं. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान जोडण्याच्या कृतींनंतर तुटलेलं नाक जोडण्याची कृती दिली आहे. तिथे मेणाऐवजी झाडाचं पान आहे: नाकाच्या मापाचं पान घ्यायचं, त्या मापानं गालाची कातडी सोडवायची, एका बाजूनं जोडलेली ठेवायची आणि खुंटावर बसवायची. नाकपुड्यांत दोन नळ्या ठेवायच्या, वर औषधी चूर्ण, त्यावर कापूस, आणि वरचेवर तिळाचं तेल. गाल की कपाळ एवढा फरक सोडला तर मूळ युक्ती तीच. पण संहिता वाचणारे वैद्य पुढच्या काळात शस्त्र हाती धरेनासे झाले आणि ती कृती उरली कुंभारासारख्या, हातानं काम करणाऱ्यांच्या घरांत. कांगड्यातही अशी घराणी होती. पोथी एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे, ही आपल्या देशाची जुनीच विभागणी. आमच्या खात्यातही नकाशा काढणारा कधी तगारी उचलत नाही आणि तगारी उचलणाऱ्याला कुणी नकाशा दाखवत नाही. कावसजीचं नाव छापलं गेलं, पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची नावं छापली गेली, चित्रकाराचं छापलं गेलं. ज्यानं नाक केलं त्याचं नाव विचारून लिहून घ्यावं, असं मात्र कुणाला सुचलं नाही.

युरोपातही नाक करण्याची एक वेगळी रीत होती. इटलीतल्या बोलोन्याच्या तालियाकोत्सी या शल्यवैद्यानं १५९७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यात दंडाची कातडी नाकाला जोडून हात डोक्याला बांधून ठेवत, दोन-तीन आठवडे. ही रीत पुढे मागे पडली. त्यामुळे १७९४ चं पत्र लंडनला पोहोचलं तेव्हा तिथल्या लोकांना ते नवीनच होतं. जोसेफ कार्प्यू नावाच्या एका सर्जननं ते मनावर घेतलं. मृतदेहांवर सराव केला, योग्य रोगी मिळेपर्यंत वाट पाहिली, आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्याला पुण्याच्या रीतीनं कपाळाच्या कातडीचं नाक केलं. पत्र छापून आल्याला तोवर वीस वर्षं झाली होती. १८१६ मध्ये त्यानं आपल्या दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक काढलं. तिथून जर्मनीत ग्रेफकडे ही विद्या गेली. १८१८ च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातच 'प्लास्टिक' हा शब्द आहे. त्याचा आपल्या बादलीच्या प्लास्टिकशी संबंध नाही, ते नंतर आलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं, मातीला आकार देणं. म्हणजे कुंभाराचंच काम. आजही डॉक्टर कपाळाच्या कातडीनं नाक करतात तेव्हा तिला 'भारतीय पद्धत' म्हणतात.

इथपर्यंत वाचून आम्ही खूश होतो. वहिनींना सांगायला झकास मुद्दा मिळाला होता. पण पुण्याचं नाक लंडनला गेलं, आपल्या माळव्याचं काय, म्हणून आणखी शोधलं तेव्हा केगनसाहेब सापडले. तिथे आमची खुशी जरा उतरली.

इंदूरला रेसिडेन्सी होती हे आपल्याला ठाऊक आहे. आजही त्या भागाला तेच नाव आहे. तिथला इंग्रज डॉक्टर तो रेसिडेन्सी सर्जन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात डेनिस फ्रान्सिस केगन हे त्या जागेवर होते आणि इंदूरच्या धर्मादाय रुग्णालयाचं काम पाहत. लहान मुलांचे मूतखडे पोट न चिरता आतल्या आत फोडून काढण्याबद्दल त्यांचं नाव वैद्यकात गाजलं. दुसरं काम नाकाचं. १९०० मध्ये लंडनला त्यांचं नाकाच्या शस्त्रक्रियांवरचं पुस्तक निघालं, 'भारतीय पद्धती'त आपण काय सुधारणा केल्या ते सांगणारं.

सुधारणा कसली, तेही सांगतो. पुण्याच्या रीतीत एक उणीव होती. कपाळाची कातडी बाहेरून चांगली बसे, पण तिची आतली बाजू उघड्या जखमेसारखी राही. ती भरताना आकसे आणि नाकपुड्या बारीक होत, नाक बसत जाई. अस्तर नसलेल्या कोटासारखं. केगननी खुंटावरचीच कातडी वरून सोडवून खाली उलटवली, म्हणजे तिची चांगली बाजू नाकाच्या आत आली, आणि मग तिच्यावर कपाळाची कातडी बसवली. अस्तर आणि वरचं कापड, दोन्ही झालं. क्लोरोफॉर्म आलेलं होतं, तेव्हा कावसजीएवढं सोसावंही लागत नव्हतं.

पण इंदूरच्या एका डॉक्टराला इतकी नाकं करायला मिळाली कुठून? इथे युद्ध नव्हतं. नाकं घराघरांत कापली जात होती. त्या काळात अशा शस्त्रक्रियेला येणाऱ्यांत स्त्रिया बऱ्याच असत, आणि त्यांचं नाक कापणारा बहुधा नवराच असे, नाहीतर घरातलाच दुसरा कुणी पुरुष. कारण संशय. जीव घेतला तर फाशी होते; नाक कापलं तर बाई जिवंत राहते आणि रोज दिसते. आपण शूर्पणखेची गोष्ट मुलांना हसत-हसत सांगतो. 'नाक कापलं' म्हणजे अब्रू गेली, हा वाक्प्रचार मराठीत आहे, हिंदीत आहे, आणि आम्ही तो आयुष्यभर अलंकार समजून वापरत आलो. तो अलंकार नव्हता. आम्ही ज्या रस्त्यानं महिन्यातून दोनदा मीटिंगला इंदूरला जातो त्याच वाटेनं कधीतरी कुणी बैलगाडीतून, तोंडाला पदर गुंडाळून, या दवाखान्यात गेली असेल. पदर बाजूला सारून बाजारातून जाता यावं, एवढंच तिला हवं असणार.

इथे वाचक म्हणतील, हे झालं कापलेल्या नाकाचं. तुमच्या पुतणीचं नाक तर धडधाकट आहे. बरोबर. आम्हीही दादाला फोनवर हेच म्हणालो होतो. कावसजीची गरज आणि हिची हौस. ही रेघ आम्हाला एकदम स्पष्ट वाटत होती, पुढचं वाचेपर्यंत.

धडधाकट नाकाला आकार देण्याचं काम सुरू झालं केगनच्याच काळात, तिकडे दूर. अमेरिकेत जॉन रो नावाच्या डॉक्टरनं १८८७ मध्ये नाकाच्या आतूनच, बाहेर व्रण न ठेवता, बसकं टोक सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. आणि १८९८ मध्ये बर्लिनला जॅक जोसेफ या सर्जनकडे एक तरुण आला. त्याचं नाक फार मोठं होतं. रस्त्यात लोक वळून बघत, म्हणून त्यानं माणसांत जाणंच सोडलं होतं. याआधी याच जोसेफनं एका मुलाचे पसरट कान नीट केले होते, कारण शाळेत त्याला चिडवत. त्यावरून वरिष्ठांनी जोसेफला नोकरीतून काढलं. रोग नसताना चाकू लावला, हा ठपका. तरी त्यानं त्या तरुणाचं नाक लहान केलं आणि बर्लिनच्या डॉक्टरांच्या सभेत उभं राहून सांगितलं की हा माणूस आता लोकांत मिसळू लागला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दुःख नाकात नसेल, मनात असेल, पण दुःख खरं आहे. जोसेफ ज्यू होता. पुढे त्याच्याकडे कितीतरी ज्यू लोक नाक बदलायला येत, कारण त्या शहरात नाकावरून माणूस ओळखला जाई आणि ओळखला जाणं बरं नव्हतं. हे वाचून मात्र आम्हाला कसंसंच झालं. नाक सुधारलं ते खरं, पण बिघडलेलं होतं दुसरंच काही.

पुतणीचं तेच आहे का? 'बाजूनं चेहरा जरा' म्हणणाऱ्यांसाठी तिनं आपल्या आजोबांचं नाक का बदलावं? आमचं आजही मत आहे, की त्या घरात ती गेली नाही हे फार बरं झालं. हे मत आम्ही तिला सांगितलं. ती म्हणाली, "काका, ते लोक आले त्याच्या आधीपासून मी फोटोत सरळच बघते. अकरावीपासून. तुमच्या अल्बममध्ये बघा." सौ.नं अल्बम काढला. दादाच्या नवीन घराची वास्तुशांत, आमच्या मुलाची मुंज, मंडळाचं हळदीकुंकू. प्रत्येक फोटोत पोरगी समोर तोंड करून, बाकी सगळे इकडेतिकडे बघताहेत. आमच्या एकाही फोटोत तिची बाजू नाही. आम्ही हे इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. उपयंत्री म्हणून भिंतीतली पाव इंचाची तिरप आम्हाला लांबून दिसते.

मग आम्ही जे करतो तेच केलं, माहिती काढली. नाकाची वाढ पूर्ण होण्याआधी हे करत नाहीत. हिचं वय त्या दृष्टीनं योग्य आहे. आता कपाळाची कातडी लागत नाही. आतून किंवा नाकपुड्यांमधल्या पडद्याजवळ लहान छेद घेऊन हाडाचा उंचवटा तासतात आणि कूर्चा कापून-जोडून टोक वर घेतात. कमी पडली तर नाकाच्या पडद्यातली किंवा कानाची कूर्चा घेतात. पूर्ण भूल द्यावी लागते. आठवडाभर नाकावर पट्टी. डोळ्यांखाली काळंनिळं होतं ते दोन-तीन आठवड्यांत जातं, पण सूज पुरती उतरून खरा आकार दिसायला वर्षसुद्धा लागतं. कुणाकुणाचं दुसऱ्यांदा करावं लागतं. फार तासलं तर श्वासाला अडथळा येतो, नाक बसू शकतं. विमा सौंदर्याच्या शस्त्रक्रियेला पैसे देत नाही. आणि एक प्रकार असा असतो, की कितीही सुधारलं तरी माणसाला आरशात व्यंगच दिसतं. तिथे चाकूचा उपयोग नाही, मनाच्या डॉक्टरकडे जावं लागतं. चांगला सर्जन हे आधी पारखतो आणि प्रसंगी नाही म्हणतो. पुतणी ज्या डॉक्टरकडे जाऊन आली त्यांनी तिला पंधरा मिनिटांत तारीख देऊ केली होती. ते आम्हाला पसंत पडलं नाही. कार्प्यू वीस वर्षं थांबला, यांनी निदान दोन बैठका तरी घ्याव्यात.

या सगळ्याची एक वही आम्ही केली. मोजमाप-पुस्तिका भरायचा हात, तेव्हा वही नीट झाली. जन्माष्टमीच्या सुट्टीला ती घेऊन इंदूरला दादाकडे गेलो. वहिनींना कावसजीची गोष्ट सांगितली, परदेशी थेरं नाहीत, पुण्याची आहेत म्हणून. त्या म्हणाल्या, "भाऊजी, त्याचं कापलं होतं." आम्ही केगनसाहेबांकडे आलेल्या बायकांबद्दल सांगितलं. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून चहा टाकायला गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "त्या पोह्यांच्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, समोरून बस, बाजूनं बसू नकोस." दादा खिडकीबाहेर बघत होता. त्याचंही तेच नाक, उजेडाविरुद्ध अगदी आजोबांसारखं दिसत होतं.

होकार अजून कुणी दिलेला नाही. पुतणीनंही पक्कं ठरवलेलं नाही; दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला ती तयार झाली आहे, आणि ते काय विचारतील त्यावर पुढचं बघू म्हणते. त्यांची वेळ मिळाली आहे ती अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यातली. पितृपक्षात कसली वेळ घेताय म्हणून आई कुरकुरते आहे, तर पुतणी तिला सांगते, "आजी, नाक आजोबांचंच आहे, त्यांनाही विचारून होईल." वहिनी बरोबर येणार आहेत. एक माणूस वही घेऊन सोबत असावा, असं त्यांनीच सुचवलं. आम्ही त्या दिवसाच्या रजेचा अर्ज ऑफिसात देऊन ठेवला आहे. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' लिहिलं आहे.